लाभाची पाखरं

मी एक जुना काउंटर आहे. मुठीत मावणारा, लोखंडी. वर एक बटण आणि काचेमागे चार आकडे. बटण दाबलं की खट्कन एक आकडा पुढे सरकतो. मित्रांनो, एवढंच माझं काम, पण ते केल्याशिवाय मला चैन पडत नाही. कोणी नुसतं हातात घेतलं तरी माझी स्प्रिंग शिवशिवते. दाबा ना एकदाचं, असं होऊन जातं.

उमेदीची वर्षं माधवनगरच्या एका गिरणीच्या फाटकावर गेली. सुताचा गठ्ठा बाहेर पडला की तात्यांचा अंगठा माझ्यावर पडायचा. तात्या तिथे मोजणीला होते. तात्यांचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं अख्खी गिरणी म्हणायची. स्तुती त्यांची, पण फुगायचो मी! पुढे गिरणीला टाळं लागलं. तात्या घरी बसले आणि मी खुंटीवरच्या पिशवीत. दोन वर्षं खट् नाही की खुट् नाही. काय सांगू, जीव नुसता मेटाकुटीला आला.

१९९४ च्या हिवाळ्यात सांगलीची काही हौशी मंडळी पाखरं मोजायला निघाली. त्यांच्यात तात्याही गेले, आणि जाताना मला तेलाचा थेंब पाजून बरोबर घेतलं. कुंडलच्या पलीकडचं एक तळं आमच्या वाट्याला आलं. त्या तळ्यातली माती उपसायचं काम लगेच सुरू व्हायचं होतं. यंत्रं धडधडली असती तर लांबून आलेली बदकं ऐन थंडीत उठून गेली असती. "दोन हजार पाखरं दाखवा, ती परत जाईपर्यंत काम थांबवतो," असा शब्द पाटबंधारे खात्याच्या साहेबांनी दिला होता. आकडा न्यायला ते दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते.

तात्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन मिरजेला नुकतंच झालं होतं, पट्टी अजून निघाली नव्हती. म्हणून मला बायडाबाईंच्या हातात दिलं. त्यांचं शेत तळ्याला लागूनच, नजर घारीची. दहा पाखरांना एक खटका, असं ठरलं. बायडाबाई ओठांतल्या ओठांत मोजायच्या, एक थवा संपला की "झाला" म्हणायच्या, आणि तात्या वहीत रेघ मारायचे. दुपारपर्यंत बावीस रेघा झाल्या. माझ्यावर आकडा होता १७९. म्हणजे एक हजार सातशे नव्वद.

बायडाबाई भाकरी आणायला शेतात गेल्या. तात्या बांधावर एकटेच, मला मुठीत धरून.

"गिरणी गेली. आता हे तळंबी जाणार काय रं?" ते मलाच म्हणाले.

त्यांचा अंगठा बटणावर टेकला. एकवीस खटके कमी होते, फक्त एकवीस! बघायला माणूस नव्हतं, आणि पाखरं कुणाला सांगणार होती? मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मी आतून ओरडत होतो, दाबा तात्या, दाबा! मग तात्यांनी मला दगडावर ठेवलं आणि तो हात मांडीखाली दाबून धरला. मला असा राग आला म्हणता!

बायडाबाई परतल्या.

"दोनशे धा कमी पडली, बायडाबाई."

"कशी पडतील? तळं गच्च भरलंय की! आवं, लाभ धरला का त्यात?"

"कसला लाभ?"

"खळ्यावर शाळू मोजताना पैली पायली लाभाची. ती देवाची, मोजायची न्हाई. तशी दर थव्यातली पैली धा सोडली मी. आमच्यात तसंच हाय."

तात्यांनी कपाळाला हात लावला आणि मग लय दिवसांनी पोट धरून हसले.

"हसताय काय? मिळवा की बावीस लाभ!"

बावीस थव्यांची दोनशे वीस पाखरं. बेरीज दोन हजार दहा होत होती.

"न्हाई," तात्या म्हणाले. "मोजल्याबिगर आकडा दिला न्हाई कवा. उद्या साहेबांसमोर परत मोजू."

"आनि तवर उडून गेली तर?"

"तर गेली."

दुसरा दिवस उजाडेपर्यंत माझ्या आत काय चाललं होतं, ते विचारू नका.

सकाळी साहेब आले. बायडाबाईंनी मला उचललं, पहिला थवा हेरला. सवयीने ओठांवर लाभ आलाच होता. त्या थांबल्या, वर बघून म्हणाल्या, "देवा, औंदा तुझा वाटा ह्यास्नी दे," आणि बटण दाबलं. खट्! मग मी मागे वळून पाहिलं नाही. दोनशेवा खटका वाजला तेव्हा तात्यांची पट्टी भिजली होती. आकडा थांबला २०४ वर. साहेबांनी सही केली आणि होळीपर्यंत तळ्याला कुणी हात लावला नाही.

आता तात्या नाहीत. त्यांची नात श्रद्धा हिच्या टेबलाच्या खणात मी पडून असतो. अंगावर गंज चढलाय, बटण मध्येच अडकतं. शिवशिव मात्र तीच आहे. मित्रांनो, मला वर्षाकाठी तेलाचा एक थेंब द्या, मी अजून मोजीन. पण अंगठा तुमचा तुम्ही सांभाळा. माझं काय, मी तर त्या दुपारी एकवीस वेळा खोटं बोलायला तयारच होतो.