ऐकण्यापुरती परवानगी

मोनिका आली की नेट मान टाकतं, हे टीव्ही सेंटरजवळच्या आमच्या अभ्यासिकेत सगळ्यांना पाठ झालं होतं. ती लासूर स्टेशनहून दुपारी यायची, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायची आणि थोड्याच वेळात पोरांचे ऑनलाइन पेपर अडकायचे. ती नेटवरून पिक्चर उतरवते, असं समितीनं ठरवूनही टाकलं. सोमवारी तिची जागा काढून घेणार होते आणि पोरीची सरकारी नोकरीची मुलाखत तोंडावर आलेली.

मला ते पटेना. कीव वगैरे नंतर. आधी उत्सुकताच गप्प बसू देईना. मी कंपनीत नेटवर्कचं काम करते आणि रविवारी अभ्यासिकेचा संगणक बघते. सगळ्यांचं वायफाय त्याच संगणकातून जातं, म्हणजे कुठला फोन किती ओढतो हे तिथं दिसायलाच हवं. म्हणून रविवारी मी एक छोटा प्रोग्रॅम चालवला. त्यानं तोंडावर सांगितलं, नेटवर्क कार्डाला हात लावायची परवानगी नाही.

मुख्य पासवर्ड पुंडलिककाकांकडे. एसटीतून रिटायर झालेले, अभ्यासिकेचे अध्यक्ष.

"काका, पासवर्ड सांगा जरा."

"सांगितला तर काय काय करता येईल तुला?"

"सगळंच."

"मंग नाय."

असा राग आला! या माणसानं मला फ्रॉकमध्ये बघितलंय. पण त्यांचं बरोबर होतं, आणि त्याचाच राग जास्त. मग दुसरी वाट सांगितली. संगणकाची सगळी सत्ता कुणाला द्यायची नाही. त्या एकाच प्रोग्रॅमला कार्डातून काय जातं-येतं ते ऐकण्यापुरती मुभा द्यायची. वर एक गट करायचा आणि गटात नाव असेल त्यानंच तो प्रोग्रॅम चालवायचा. गटात फक्त मी.

"पोरांचे मेसेज वाचता येतील का तुला, सरिता?"

"नाही हो. कोण कुठं किती पाठवतं, तेवढंच दिसेल. आतला मजकूर कुलूपबंद असतो."

"मंग देऊ इजाजत. पण टाइप मी करनार."

एका बोटानं, एकेक अक्षर विचारत, त्यांनी सगळं केलं. मी प्रोग्रॅम उघडला. परवानगी नाही! अक्षरं तपासली, पुन्हा केलं. तेच. तेवढ्यात मोनिका आली, आम्हाला बघून मान खाली घालून बसली. नेट रांगायला लागलं, पोरं कुरकुरायला लागली. माझं डोकंच सणकलं. खड्ड्यात जाऊ दे म्हणत मी संगणकावरच्या माझ्या खात्यातून बाहेर पडले. त्याबरोबर वायफाय बंद आणि हॉलभर एकच ओरडा. निमूटपणे पुन्हा आत शिरले, वायफाय सुरू केलं आणि सवयीनं त्या प्रोग्रॅमवर टिचकी मारली. उघडला की!

गटात नाव घातलं तरी आधीपासून उघड्या असलेल्या खात्याला ते लागू होत नाही. एकदा बाहेर पडून पुन्हा आत यावं लागतं. कंपनीत नवीन आलेल्यांना हे मीच शिकवते. पण आमच्याकडे बाहेर पडायची पद्धतच नाही. माझं खातं बंद झालं की वायफाय जातं, म्हणून काकांनी पडद्यावर 'बंद करू नये' अशी चिठ्ठी चिकटवलेली. ते खातं कित्येक महिने तसंच उघडं होतं.

यादीत एक फोन सगळ्यांच्या वर गेला. मोनिकाचा. मग नीट बघितलं. उतरत काहीच नव्हतं, सगळं वर चाललं होतं, नेटवरच्या फोटो-व्हिडिओ साठवायच्या जागी.

"मोनिका, तुझ्या फोनचा बॅकअप चालू आहे का गं?"

तिला बॅकअप म्हणजे काय हेच धड ठाऊक नव्हतं. घरी वायफाय नाही. फोन बिचारा दिवसभर थांबायचा आणि इथं आला की सगळं एकदम पाठवायला घ्यायचा.

"पन एवढं हाय तरी काय त्याच्यात?" काकांनी मला विचारलं.

"ते मला दिसत नाही, काका. तेवढी परवानगीच नाही."

मोनिकानं फोन छातीशी धरला. कान लाल झाले होते तिचे. मग तिनं स्वतःच व्हिडिओ उघडून काकांपुढं ठेवला. भांड्यांच्या मांडणीसमोर ती उभी. "सर, माझं नाव मोनिका..." दोन वाक्यं नीट, मग अडखळली, बंद. पुढचा व्हिडिओ तोच. त्याच्या पुढचाही तोच.

"इथं बोलायला बंदी हाय," ती म्हणाली, "अन् घरी समोर बसायला कोनी नाय. आई सकाळीच कामाला जाती."

काकांनी फोन तिच्या हातात परत दिला.

"तेवढं बॅकअपचं बंद करून दे तिला," मला म्हणाले. "जागा हाय तिथंच राहील. समितीचं मी बघतो."

मग त्यांनी एक खुर्ची ओढली, मोनिकाच्या बरोबर समोर ठेवली आणि शर्टाची वरची गुंडी लावून ताठ बसले. पोरांनी पेपर सोडून माना वर केल्या.

"बसा, मॅडम," काका मोठ्यानं म्हणाले. "आपल्याला हीच नोकरी का करायची आहे?"