शाळेपासून किती पावलं?

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असतो, हे ताडकळसजवळच्या त्या खेड्याला माझ्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळलं. साल चौऱ्याहत्तर. माझं नाव सत्यशीला. पोरं नुसतं ‘बाई’ म्हणत, मोठी माणसं ‘पालमच्या बाई’ म्हणत. राहायला मी बौद्धवाड्यात सुलाबाईंच्या शेजारी खोली घेतली होती.

चौथीला भूगोल सुरू करायचा होता. पुस्तक उघडलं तर सुरुवातीलाच अक्षांश-रेखांश. ज्या पोरांनी अजून परभणी पाहिली नाही, त्यांना विषुववृत्त कुठलं दाखवायचं? पुस्तक मिटलं आणि म्हटलं, “पाटीवर आपलं गाव काढा. कुठं काय आहे, एवढंच.”

एकतीस पाट्या पुढं आल्या. बहुतेकींवर मधोमध मारुतीचं देऊळ, बाजूला पार, पिठाची गिरणी आणि व्यंकटरावांची माडी. व्यंकटराव शाळा समितीचे अध्यक्ष. त्यांच्या नातवानं, नागनाथनं, तर आजोबांच्या म्हशीही शिंगांसकट काढल्या होत्या. बौद्धवाडा मात्र एकाही पाटीवर नव्हता. सुलाबाईंची पोरगी कडू, तिच्यासुद्धा नाही.

“कडू, तुझं घर कुठं गेलं गं?”

“बाई, तुमीच म्हणलाव ना, गाव काढा म्हणून? महं घर गावात कुटं हाय? आमी तर बौद्धवाड्यात राहतो.”

मी रागवणारच होते, तेवढ्यात आठवलं. त्याच सकाळी मी सुलाबाईंना म्हटलं होतं, “गावात जाऊन तेल घेऊन येते.” पालमला माझी आई असंच म्हणायची, आजीही असंच म्हणायची. दोघी मरेपर्यंत गावात जाऊन येत राहिल्या. मी शिकून मास्तरीण झाले तरी तो शब्द जिभेवरून हलला नव्हता. रागवायचं कुणावर? माझीच मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी नवा डाव मांडला. नकाशा देवळापासून नाही, शाळेपासून सुरू करायचा. आपण उभे आहोत तिथून. आधी उगवत-मावळत ठरवली. मग अंतर मोजायचं, ते पावलांनी, आणि पावलं सगळी एकाच माणसाची, नाहीतर प्रमाण बिघडतं. मोजायला कडूला निवडलं. रोज डोक्यावर घागर आणणाऱ्या पोरीचं पाऊल कमी-जास्त पडत नाही. देवळापर्यंत तीनशे वीस भरली, बौद्धवाड्यातल्या पहिल्या, म्हणजे कडूच्याच घरापर्यंत एकशे नव्वद. दहा पावलांना एक बोट धरलं, जुन्या कॅलेंडरांच्या पाठी खळीनं चिकटवल्या, आणि चार दिवसांत भिंतीवर ‘आमचे गाव’ लागलं. नागनाथनं म्हशी इथंही घुसवल्याच.

शिक्षण खात्याच्या दिपुटी साहेबांची तपासणी सोमवारी होती. शनिवारी व्यंकटराव शाळेची सजावट बघायला आले आणि नकाशापुढं थबकले.

“हे काय वो बाई? बौद्धवाडा देवळापेक्षा जवळ? आवं, तो गावाच्या भाईर, लय लांब हाय. सायबापुढं चुकीचा नकाशा दाखवून आमची शोभा करायलाव का? काढा खाली.”

नकाशा खाली आला असता तर कडूचं घर पुन्हा गावाबाहेर गेलं असतं, आणि ते मला सोसवलं नसतं. माझं नाक तापलं. मी जे बोलणार होते त्यानं माझी बदली नक्की होती. पण त्याआधीच मागून आवाज आला.

“आबा, मोजून बगा की!”

कडूच होती ती. वर्ग खिदळला. भर वर्गात असं ऐकून मागं हटतील तर ते व्यंकटराव कसले! त्यांनी धोतराचा सोगा हातात धरला आणि निघाले. मागं अख्खी शाळा मोठ्यानं आकडे म्हणत. आबांची ढांग लांब. देवळापर्यंत दोनशे दहा भरली. ते परत शाळेशी आले, बौद्धवाड्याच्या बाजूला, मावळतीकडं तोंड केलं आणि पुन्हा चालू लागले. पहिली पावलं दणादणा पडली. बौद्धवाड्याच्या अलीकडच्या बाभळीपाशी ती मंदावली, पण पोरं आकडे थांबवेनात, मग आबांना तरी कसं थांबता येणार? एकशे पंचविसाव्या पावलाला ते सुलाबाईंच्या अंगणात उभे होते.

सुलाबाई ज्वारी पाखडत होत्या. सूप खाली ठेवून त्यांनी लगबगीनं पदर घेतला.

“आबा, वाट चुकलाव का?”

आबांनी वळून शाळेकडं पाहिलं. परत एकदा पाहिलं. त्यांची साठी उलटली होती, आणि या अंगणात ते पहिल्यांदाच आले होते.

“बाई, राहू द्या नकाशा भिताडावर,” ते मला म्हणाले. “बरुबर हाय.” मग सुलाबाईंकडं वळून जरा चाचरत बोलले, “लय जवळ हाव की वो तुमी.”

सुलाबाई हसल्या. म्हणाल्या, “आमी तर कवाच्या हितंच हाव, आबा.”