शवपेटीशेजारचा डाव

नोकरी होती मेलेल्या माणसांच्या नातेवाइकांशी फोनवर बोलायची. ऑस्ट्रेलियातल्या एका विमा कंपनीने फिलिपिन्समधल्या आमच्या लिपा शहरात ऑफिस थाटलं होतं. तिकडे कुणी गेलं की घरचे फोन करणार, आणि इकडून आम्ही त्यांना धीर देत दावा भरून घेणार. मुलाखतीच्या आधीच्या सगळ्या फेऱ्या मी पार केल्या होत्या. शेवटच्या फेरीत ऑस्ट्रेलियन साहेबाने काही न विचारता लॅपटॉप माझ्याकडे फिरवला.

माझंच फेसबुक. माझे वडील, तातय, शवपेटीत निजलेले, काचेतून चेहरा दिसतोय. पेटीला खेटून टेबल मांडलेलं आणि तिथे मी, हातात पत्ते धरून खदाखदा हसतेय. मागे जिनची बाटली.

"हे तुझे वडील?" मिस्टर हॉलोवेने विचारलं.

"हो, सर."

"आणि तू जुगार खेळतेयस? वर हसतेयस?"

"हरत होते, तरी हसत होते."

त्याला ते रुचलं नाही. शेजारी बसलेल्या माकाराइग मॅडम टेबलाकडे बघत राहिल्या. बाई आमच्याच बातांगास प्रांतातल्या. आमच्याकडे मयताला एकटं सोडत नाहीत. दफन होईपर्यंत कुणीतरी जागं लागतं, आणि शेजाऱ्यांना जागं ठेवायला पत्त्यांसारखं औषध नाही. प्रत्येक डावातला थोडा वाटा घरच्यांच्या डब्यात पडतो, तो दफनाच्या कामी येतो. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.

"आमच्या ग्राहकांनी हे पाहिलं तर?" साहेब म्हणाला. "बाकी तुझं सगळं उत्तम आहे. फोटो काढून टाक आणि सोमवारपासून ये."

"काढ गं बाई," मॅडम आमच्या तागालोग भाषेत पुटपुटल्या. "एक बोट तर दाबायचंय. वडील काय फोटोत राहतात?"

वडील नसतील, पण माझा थोरला भाऊ राहतो. तातय गेले तेव्हा कुया गानी, म्हणजे हा दादा, मालवाहू जहाजावर कामाला होता, ब्राझीलच्या वाटेवर. बाप मेला म्हणून जहाज काही मागे फिरत नाही. त्याच्यासाठीच मी तो फोटो टाकला. सिग्नल मिळाला तसा तो खाली लिहायला लागला. 'मायलीन, राणी टाक!' 'तातयचे हात बघा, मेल्यावरही एक्का लपवला असेल.' मग दुबईहून मावशी, मिलानहून काका, सगळे तिथेच जमले. शिव्या, किस्से, रडणं. शेवटी कुयाने लिहिलं, 'मलाही पत्ते वाटा. मी बसलोय.'

फोटो काढून टाकला की हे सगळं त्याच्याबरोबर जाणार. भावाला बापाच्या मयतावरून उठवायचं आणि मग फोनवर परक्यांचं सांत्वन करायचं, हे मला जमणारं नव्हतं. नोकरी मात्र जिवापाड हवी होती. मला ती लागली की कुया जहाजावरचा हा करार संपवून कायमचा घरी येणार होता.

माझं डोकं फिरलं.

"मॅडम, तुमची आई गेली तेव्हा पत्ते कोण वाटत होतं?"

त्यांचा चेहरा उतरला. मग साहेबाला कळावं म्हणून त्या इंग्रजीत म्हणाल्या, "मीच."

साहेबाने वळून त्यांच्याकडे पाहिलं. पण नियम म्हणजे नियम, असं काहीतरी तो बोलला.

"नाही काढणार," मी म्हणाले. "सर, तुमच्याकडे माणूस गेला की घरचे अनोळखी बाईला फोन करतात. आमच्याकडे अख्खी गल्ली येऊन बसते. मग लाज मी कशाची बाळगू?"

फाइल उचलली आणि चालती झाले.

घरी येऊन कुयाला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि उसळला, "गाढवे, नोकरी घालवलीस?"

"घालवली."

"आणि फोटो?"

"आहे."

मागे जहाजाच्या इंजिनाची घरघर चालू होती. "काढला असतास ना," तो म्हणाला, "तर येऊन थोबाड फोडलं असतं तुझं." त्याने नाक ओढलं. "नानायला सांग, अजून एक वर्ष थांबावं लागेल मला इथे."

"काही सांगत नाही आईला. उद्या दुसरीकडे अर्ज करतेय. तो फोटो तिथल्या साहेबांना शोधावा लागणार नाही, मीच आधी दाखवणार आहे. ज्याला पटेल तो ठेवेल कामावर."