आदराचा शब्द

नदीकाठच्या त्या गल्लीत दारासमोरून कुणीही गेलं की घरातून हाक येते, "या ना, बसा." त्या हाकेचं उत्तर ठरलेलं असतं. हसायचं, मान लववायची, "हो हो, येईन" म्हणायचं आणि चालू लागायचं. जावा बेटावरच्या जोग्जा शहरात जन्मलेलं पोर पावलं टाकायच्या आधी हे शिकतं. हाइंगोला कुणी शिकवलं नव्हतं. मादागास्करहून मातीचा अभ्यास करायला आलेली ही मुलगी हाक ऐकली की चपला काढायची, आत जायची आणि खरोखर बसायची.

वेनिंगला आधी याचं कौतुक वाटलं होतं. गल्लीच्या तोंडाशी बाटिकचा एक बंद पडलेला कारखाना होता. त्या जागी परदेशी विद्यार्थ्यांसाठी एकत्र राहायचं घर बांधायचं होतं, आणि आराखडा वेनिंगचा होता. तीन बाजूंनी खोल्या, सगळ्यांत मिळून एक स्वयंपाकघर, तेही गल्लीच्या बाजूला, आणि त्याच्यापुढे खोल छपराखाली लांबलचक ओटा. भिंत नाही, फाटक नाही. जाणाऱ्यायेणाऱ्याने टेकावं, पोरांनी भाजी निवडता निवडता त्याच्याशी दोन शब्द बोलावेत. विद्यापीठाने बाकीचे आराखडे बाजूला सारले ते या ओट्यासाठी. ओटा गेला तर उरणार होतं नुसतं होस्टेल, आणि तसली होस्टेलं काढून देणारे शहरात पैशाला पासरी होते. गल्लीला सवय व्हावी म्हणून हाइंगोला तिने आधीच कारखान्याच्या पुढच्या खोलीत आणून ठेवलं होतं.

आता गल्लीची संमती तेवढी राहिली होती. ती बू पाइराहच्या हातात होती. मुखिया तिचा नवरा, पण शिक्का कधी उठायचा ते ही बाई ठरवायची. ओट्याला तिने कधी नाही म्हटलं नव्हतं. छान आहे, वारा येईल, असंच म्हणत आली होती. या गल्लीत 'हो' म्हणजे 'ऐकलं' एवढंच, हे वेनिंगला पुरतं ठाऊक होतं, ती काही बाहेरची नव्हती. पण तिला होकार हवा होता, म्हणून तिने तो होकार धरला.

गल्लीला मात्र हाइंगोचा खेळ सापडला होता. तिला चहावर चहा पाजत या घरातून त्या घरात फिरवायचं. एका घरचा चहा संपत आला की त्या घरची बाई शेजारणीला डोळा घालायची, आणि शेजारीण दारातून ओरडायची, "आमच्याकडे येणं जमत नाही होय गं?" हाइंगो उठून तिकडे जायची. संध्याकाळी गोड चहाने डुचमळणारं पोट घेऊन ती परत आली की वेनिंगला सांगायची, ही माणसं किती जीव लावतात.

सभा रविवारी सकाळी ठरली. सगळ्यांत म्हातारे म्हणजे म्बाह कर्तो, जुने शाळामास्तर. जेवणाचं पहिलं ताट हाइंगोने त्यांना द्यावं, सोबत जावानीतलं एखादं वाक्य म्हणावं, असं बू पाइराहनेच सुचवलं. वाक्यही तिनेच शिकवलं.

जावानीत जेवायला बसणारा कोण हे बघून 'जेवणं' हा शब्द बदलतो. बरोबरीच्याला एक, स्वतःसाठी दुसरा, वडीलधाऱ्याला 'डहार'. आणखी एक आहे, 'म्बाडोग'. तो उष्ट्यावर तुटून पडलेल्या कुत्र्यासाठी, किंवा भांडण विकोपाला गेलं की नवऱ्यासाठी. आपण 'गिळ' म्हणतो तसा.

त्या सकाळी हाइंगो नळावर तांदूळ धूत घोकत होती, "म्बाह, या, म्बाडोग." आजोबा, या, गिळा.

वेनिंगने ते ऐकलं. ती तडक बू पाइराहकडे गेली. बू पाइराह पायरीवर बसून छोटे कांदे सोलत होती.

"गंमत गं," सुरी न थांबवता ती म्हणाली. "लोक एकदा पोट धरून हसले की नाही म्हणायला तोंड उरत नाही. तुझंच काम होतंय."

"म्बाह कर्तोंना तसं म्हणायचं?"

"मग सांग तिला. तुला कुणी धरलंय? मी परक्या पोरीपुढे खोटी पडेन, एवढंच." तिने सोललेला कांदा टोपलीत टाकला आणि ताईला म्हणतात तसं 'म्बाक' लावून विचारलं. "पण मग खोट्या बाईचा शिक्का तुला कसा चालेल, म्बाक वेनिंग?"

एकदा हसतील आणि विसरतील, असं वेनिंगने परत येताना स्वतःला सांगितलं. घर तीस-चाळीस वर्षं उभं राहील. हाइंगो तांदूळ निथळत होती.

"बरोबर येतंय ना, म्बाक?"

"ड जरा जड," वेनिंग म्हणाली. "जीभ टाळूला टेकव."

सभेत सगळे चटयांवर बसले होते. हाइंगोने फणसाच्या गोडसर गुडेगचं आणि भाताचं ताट दोन्ही हातांनी पुढे केलं, कमरेत वाकली आणि वाक्य म्हणाली. ड अगदी जड आला.

कुणी हसलं नाही. सगळ्यांच्या नजरा चटईवर गेल्या. म्बाह कर्तोंनी ताट घेतलं.

"गिळतो हो, पोरी," ते मायेने म्हणाले.

हाइंगोचा चेहरा उजळला. म्बाह सावकाश जेवले, आणि तेवढा वेळ सगळे थांबले. मग हात धुऊन ते बोलले. घर होऊ द्या, म्हणाले, लांबून आलेल्या लेकरांनी राहायचं कुठे.

"पण बिचाऱ्यांना आपलं बोलणं कळत नाही. त्यांना असं उघड्यावर बसवणं बरं नव्हे. ओट्याच्या जागी भिंत घाला. चांगली उंच. त्यांच्याच भल्यासाठी."

सगळ्यांनी हो म्हटलं, आणि या वेळी ते खरंच हो होतं. वाक्य कुणी शिकवलं ते वेनिंगला उठून सांगता आलं असतं. मग बू पाइराहने हसून विचारलं असतं, तुला कळलं तेव्हा तू काय केलंस? वेनिंगही हो म्हणाली. शिक्का तिथेच उठला.

"ओटा नको, हे कधीचं सांगायचं होतं," ताटं गोळा करताना बू पाइराह तिच्या कानाशी म्हणाली. "पण सांगणार कोण? तुला वाईट वाटलं असतं."

दुपारी वेनिंगने आराखडा पसरला. ओटा पुसला, तिथे छपरापर्यंत भिंत काढली. स्वयंपाकघराची खिडकी मागे नेली, नदीच्या गाळाकडे. मग धूर कुठून काढायचा याचा हिशेब करत बसली. हाइंगो ताट घेऊन आत आली, तोवर हिशेब जमत आला होता.

"ओटा कुठे गेला?"

"ऊन फार येतं," वेनिंग म्हणाली.

हाइंगोला ते पटलं. इथल्या उन्हाची तिला कल्पना होती. तिच्याकडे सांगण्यासारखं दुसरंच होतं. ऑगस्टमध्ये या घरात राहायला येणाऱ्या सगळ्या मुलांना तिने फोनवर बोलून ते वाक्य पाठवलं होतं. कझाकस्तानची मुलगी तर आत्ताच अचूक म्हणते. आल्या आल्या सगळे जण गल्लीत घरोघरी जाऊन वडीलधाऱ्यांना एकेक ताट देणार होते.

वेनिंगने पेन्सिल खाली ठेवली. सांगायचं तर आत्ताच सांगायला हवं होतं. पण काय सांगितलं तरी त्यात नळावरची ती सकाळ येणारच होती.

हाइंगोने ताट दोन्ही हातांनी पुढे केलं आणि कमरेत वाकली.

"म्बाक, म्बाडोग." मग मान वर करून तिने विचारलं, "आता ड नीट येतो ना?"

"अगदी," वेनिंग म्हणाली आणि पहिला घास उचलला.