काखेतला डाग

आमच्या स्टुडिओत माणूस येतो तसा परत जात नाही. येताना डोळ्यांखाली काळी वर्तुळं, गालावर पुटकुळ्या, मानेवर सुरकुत्या. जाताना हातातल्या फोटोत यातलं काही म्हणजे काही नसतं. ही करामत ताईंची. ताई म्हणजे माझी थोरली नणंद. आमचे हे फोटो काढतात, मी काउंटर सांभाळते आणि ताई मागच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसून लोकांचे डाग पुसतात. बिनबाह्यांचा झगा घातलेली मुलगी आली की आधी काख उजळायची, हा त्यांचा शिरस्ता. त्यांना काही सांगावं लागत नाही, आणि सांगितलं तर त्या ऐकत नाहीत.

दिवसभर "हनुवटी वर, खांदे सरळ, हलू नका" करून ह्यांचा जीव विटला, तेव्हा सुट्टीच्या दिवशी तलावाच्या चिखलात पक्ष्यांचे फोटो काढत बसायचं खूळ लागलं. पक्षीनिरीक्षकांच्या मंडळात नाव घातलं. तिथे ह्यांना सगळे 'पासपोर्ट' म्हणायचे. ह्यांचा पक्षी एक तर उडून गेलेला असायचा, नाहीतर पाठमोरा. "चेष्टेत म्हणतात गं," हे सांगायचे आणि पानातलं तसंच टाकून उठायचे. मला काय कळत नाही होय!

आणि एका सकाळी हे चिखलाने लडबडलेले, धापा टाकत दारात. "सापडला! काळ्या काखेवाला सापडला!"

हा पक्षी लांबून कुठून कुठून येतो, आणि आमच्या तलावावर आजवर कोणाला दिसलेला नव्हता. बसलेला असला की आपल्या नेहमीच्या करड्या पक्ष्याचा सख्खा भाऊ. फरक फक्त पंखाखाली. उडाला की काखेत काळा डाग दिसतो, तोही पापणी लवेपर्यंत. म्हणजे फोटो हवा तो उडतानाचाच. तो आमच्या पठ्ठ्यानं काढला होता! मी चष्म्याशिवाय पाहिला. करडं काहीतरी दिसलं, पण "वा!" म्हणायला काय जातंय?

"आता बघतो कोण पासपोर्ट म्हणतं ते!" असं म्हणून ह्यांनी फोटो ताईंच्या कॉम्प्युटरवर टाकला आणि आंघोळीला पळाले. दुपारी शाळेतली पोरं ओळखपत्रांच्या फोटोंसाठी आली, त्यांच्यासाठी कॅमेऱ्यातलं कार्ड रिकामं केलं. संध्याकाळी ह्यांनी उघडूनही न बघता फोटो मंडळाच्या अध्यक्षांना पाठवला. अध्यक्ष म्हणजे फर्निचरच्या दुकानाचे मालक. त्यांचं उत्तर सगळ्या सभासदांना गेलं: "पासपोर्टसाहेबांचा दुर्मिळ पक्षी पाहावा. काख दुधासारखी आहे."

ह्यांनी फोटो उघडला आणि चेहरा पांढराफटक पडला. धावत मागच्या खोलीत गेले.

"ताई, डाग कुठाय?"

"काढला की! चांगलाच गडद होता मेला, दोनदा हात फिरवावा लागला. तुझा फोटो म्हणून जास्त मन लावून केला हो."

पहिला फोटो पुसून त्याच जागी नवा ठेवलेला. मी ताईंना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. मग मला अक्कल सुचली. म्हटलं, "ताई, तुम्हीच काढलात ना? मग तुम्हीच परत लावा."

"आत्ता लावते. कुठे होता, केवढा होता, सगळं डोळ्यापुढे आहे माझ्या."

"अजिबात नाही!" हे ओरडले. हे कधी ओरडत नाहीत. "खरा डाग खोटा लावायचा? त्यापेक्षा जन्मभर पासपोर्ट म्हणवून घेईन." आणि गिऱ्हाइकांच्या स्टुलावर जाऊन बसले, खांदे सरळ, हनुवटी मात्र खाली. मला इतकी कणव आली की रागही आला.

रविवारी मंडळाची बैठक होती. हे यायला तयार नव्हते. ताईंनी मनगट धरून आणलं. ह्यांनी फोटो पडद्यावर लावला आणि उभं राहून जे झालं ते सांगितलं. डाग होता, बहिणीने पुसला. सभागृह नुसतं खिदळत होतं.

अध्यक्षांनी हात वर केला. "अहो, असं तर कोणीही म्हणेल. उद्या मी कावळा आणीन आणि सांगेन, मोर होता, बायकोने पिसारा पुसला."

पुन्हा हशा. ह्यांची मान आणखी खाली गेली. तेवढ्यात ताई उठल्या आणि तरातरा भिंतीपाशी गेल्या. तिथे अध्यक्षांचा भलाथोरला फोटो टांगलेला, रुबाबदार, डोक्यावर दाट केस.

"हा फोटो आमच्याकडचा. यातले केस कुणाचे हो?"

अध्यक्षांचा हात आपोआप टकलावर गेला.

"माझे," ताई म्हणाल्या. "म्हणजे मी लावलेले. एकेक करून. इतकी वर्षं इथे टांगलेत, कुणाला संशय तरी आला का? मग एवढासा काळा डाग लावणं मला जड होतं? चहा होईस्तोवर लावून झाला असता, आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या. ह्यानं लावू दिला नाही. खोटं बोलायचं असतं तर माणूस हा असला फोटो घेऊन तुमच्यापुढे उभा राहिला असता?"

ह्यांनी मान वर केली. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि मी ते पुसलं नाही.

अध्यक्ष बराच वेळ कधी पडद्यावरच्या पांढऱ्या काखेकडे, कधी भिंतीवरच्या स्वतःकडे बघत राहिले. मग चिटणीसांना म्हणाले, "नोंद करा. काळ्या काखेवाला, आपल्या तलावावर पहिल्यांदा. पाहणाऱ्याचं नाव पूर्ण लिहा. पासपोर्ट नाही."

लोक ह्यांच्याभोवती गोळा झाले. त्या गर्दीतून वाट काढत अध्यक्ष ताईंपाशी आले आणि हळूच म्हणाले, "आता माझ्या त्या फोटोचं काय करायचं?"

"राहू द्या हो केस," ताई म्हणाल्या. "तुम्हाला कुठे उडायचंय?"