धार काढल्यानंतरचा अर्धा तास

दोन महिन्यांत तिसरी गाय आजारी पडली, तेव्हा सुनेनं कपाळावर हात मारून घेतला. सकाळी नेहमीप्रमाणे तिनं पहिल्या दोन-चार धारा काळ्या पेल्यात काढून पाहिल्या, तर दुधात गुठळ्या. ठिपकीची कास एका बाजूनं टणक झाली होती आणि हात लागताच ती लाथ झाडत होती.

"दगडी," कासेच्या त्या आजाराचं नाव घेत सून म्हणाली. "पुन्हा."

"हाताचा दोष," दारात उभे असलेले सासरे लगेच म्हणाले. "मी तीस वर्षं धारा काढल्या. एकीची कास सुजली नाही कधी."

"बाबा, तेव्हा तीन गाई होत्या. आता अकरा आहेत."

"गाई वाढल्या म्हणून हात बिघडावा, असं कुठं आहे?"

तिनं काळा पेला विसळायला घेतला. बोलून बोलून तिचं तोंड दुखलं होतं. नखं ती अगदी बारीक कापायची. प्रत्येक गाईला वेगळं फडकं, ती अकरा फडकी रोज उकळून उन्हात वाळत घालायची. धार काढून झाली की चारही सड औषधाच्या वाटीत बुडवायची. धार काढायच्या यंत्राचे रबर तर गेल्याच महिन्यात बदलले होते. आणखी काय करायचं राहिलं होतं? नवऱ्याला विचारलं, तर त्यानं यंत्राकडे बोट दाखवून हात झटकले. ते यंत्र त्याला पहिल्यापासून नको होतं, त्यामुळे घरात दिवा गेला तरी त्याचा संशय यंत्रावरच जायचा.

दुपारी जनावरांच्या डॉक्टरबाई आल्या. त्यांनी ठिपकीला इंजेक्शन दिलं आणि मागच्या वेळी नेलेल्या दुधाच्या तपासणीचा कागद काढला.

"हे जंतू एका गाईकडून दुसरीकडे हातानं किंवा फडक्यानं जाणारे नाहीत," त्या म्हणाल्या. "हे शेणातले, ओलीतले आहेत. गाई बसतात ती जागा ओली असते का?"

"माझ्या गोठ्यात?" सासरे उसळले. "पान मांडून जेवायला बसा खाली!"

खोटं नव्हतं ते. फरशी लख्ख, कोरडी होती, रबरी गाद्यांवर शेणाचा ठिपका नव्हता. डॉक्टरबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, मान हलवली आणि त्या गेल्या. हाताचा दोष नाही हे निदान कागदावर आलं, एवढंच सुनेच्या पदरी पडलं. सासऱ्यांनी त्या कागदाला हातही लावला नाही.

उलगडा झाला तो स्कूटरमुळे. रोज धारा संपल्या की सून कॅन घेऊन दूध केंद्रावर जायची आणि तासाभरानं परतायची. त्या सकाळी स्कूटर काही केल्या सुरू होईना. शेवटी कॅन नवऱ्यानं नेले आणि ती चरफडत औषधाची वाटी विसळायला गोठ्यात परत आली.

आत पाण्याचा नुसता लोंढा. सासरे धोतर वर खोचून, वाकलेल्या कंबरेनं, पाइप धरून गाईंच्या पायांखालून फरशी धूत होते. धारांच्या आधीच खाऊन टम्म झालेल्या गाई रवंथ करत एकेक करून खाली बसत होत्या. थेट त्या पाण्यात. नुकती धार काढलेले सड ओल्या गादीला टेकलेले.

सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बाबा! हे रोज करता तुम्ही?"

"रोज," सासरे अभिमानानं म्हणाले. "दोन महिने झाले. डॉक्टरबाईच म्हणाल्या होत्या ना, गोठा स्वच्छ ठेवा!"

"आणि धार काढल्यावर सडाचं तोंड अर्धा तास उघडं राहतं, तोवर गाय खाली बसता कामा नये, हे कोण म्हणालं होतं?"

सासऱ्यांनी पाइप खाली केला. ते घामानं निथळत होते. सत्तरीचा माणूस, कुणी न सांगता रोज राबत होता. त्याच्यावर धड ओरडताही येईना आणि ओरडल्याशिवाय राहवेना.

"धुवायचं ते धारांच्या आधी, गाई बाहेर असताना," ती दात आवळून म्हणाली. "आणि वैरण टाकायची धारांनंतर. खात राहतील तोवर उभ्या राहतील."

"उपाशी गाईची धार काढू? माझ्या घरात आधी पोट, मग दूध."

तीन दिवस हेच चाललं. ती सांगायची, ते ऐकून घ्यायचे आणि पहाटे तिच्या आधी उठून गव्हाणी भरायचे. चौथ्या दिवशी तिनं वैरणीच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. सासरे दुपारी जेवायला आले नाहीत. संध्याकाळी शेवटची धार संपताच तिनं किल्ली त्यांच्याच हातात ठेवली.

"आता टाका वैरण. आणि अर्धा तास एकीलाही बसू देऊ नका. हे काम तुमचं. मला जमणार नाही."

सासऱ्यांनी किल्लीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि ते वैरण काढायला गेले.

त्यानंतर गोठ्यात त्यांचंच राज्य सुरू झालं. मनगटावर घड्याळ बांधून ते गाईंच्या मागून येरझाऱ्या घालायचे. एखादीनं गुडघे जरा दुमडले की, "ए, ऊठ! अजून अकरा मिनिटं आहेत!" सून एकदा दमून उंबऱ्यावर टेकली, तर तिलाही ते ओरडले.

पुढच्या चार महिन्यांत आणखी एकाही गाईची कास सुजली नाही. ठिपकी बरी झाली, पण तिचा एक सड कायमचा आटला.

एक दिवस शेजारचे गवळीकाका गोठा बघायला आले. सासरे त्यांना सांगत होते, "मी घरात बजावूनच ठेवलंय, धार काढल्यावर गाय अर्धा तास बसता कामा नये. ऐकतंय कोण?"

सून बादल्या घेऊन मागेच उभी होती. "कोणी बजावलं, बाबा?"

सासऱ्यांनी मनगटावरचं घड्याळ चाचपलं.

"डॉक्टरबाईंनी," ते म्हणाले.

सुनेनं बादल्या दाणकन खाली आपटल्या. अकराच्या अकरा गाई दचकल्या, पण उभ्याच राहिल्या.