एकसष्ट डबे आणि मी

वीतभर लांबीचा, सागवानी, पाठीवर लाल पाटी असलेला मी एक जुना खेळण्यातला डबा आहे. मालगाडीच्या अगदी शेवटी गार्ड बसतो ना, मित्रांनो, तो डबा. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला खात्री नाही. पण ज्यांना ती ठाऊक आहे ती माणसं बोलत नाहीत, म्हणून मी सांगतो.

आधी मी एका खऱ्या गार्डाच्या डब्यातली फळी होतो. लक्ष्मणराव नावाचे गार्ड मला पाठ टेकून बसत आणि सुपारी कातरत. एकावन्न साली माघातल्या एका दुपारी आमची मालगाडी चढावर मधेच तुटली. पुढचे डबे इंजिनाबरोबर निघून गेले. मागचे सात डबे आणि आम्ही रुळावर उभे राहिलो.

अशी गाडी तुटते, म्हणूनच शेवटच्या डब्याला दिवसा लाल पाटी आणि रात्री लाल दिवा लावतात. पुढच्या स्टेशनावरच्या माणसानं ती पाटी डोळ्यांनी पाहायची आणि मास्तरांना ओरडून सांगायचं, “पुरी आली!” मगच मागची गाडी सोडतात. पाटी दिसली नाही, तर काहीतरी मागं राहिलं असं समजायचं.

त्या पुढच्या स्टेशनाचं नाव मी घेत नाही. तिथं तानबा नावाचे सांधेवाले होते. बावीस वर्षं त्यांनी रोज लाल पाट्या पाहिल्या होत्या. त्या दुपारीही गाडी पुढून गेली आणि ते ओरडले, “पुरी आली!”

मागून दुसरी गाडी सुटली. लक्ष्मणराव लाल झेंडी घेऊन मागं धावले, पण तिथं वळण होतं. ड्रायव्हरला झेंडी दिसली ती फार उशिरा. लक्ष्मणराव वाचले नाहीत.

चौकशीत तानबा एकच वाक्य बोलले. “म्या आपल्या डोळ्यानं पाह्यली, साहेब.” ते खोटं बोलत नव्हते. हे समजायला मला फार वर्षं लागली. जे रोज दिसतं, ते एखाद्या दिवशी नसलं तरी डोळा दाखवतो.

नोकरी गेली. तानबा बायको कौशल्याबाई आणि लहान मुलगी सुलोचना यांना घेऊन सिंदीला राहायला आले. सामानात एका फडक्यात गुंडाळलेला फळीचा तुकडा होता. मोडक्या डब्याच्या ढिगातून त्यांनी तो उचलला होता. तो तुकडा म्हणजे मी.

पहिला पाऊस सरेपर्यंत ते मला तासत होते. चाकं दोऱ्याच्या लहान रिळांची केली. ती रिळं शेजारच्या चिंधू शिंप्यानं दिली. डब्याला डबा अडकवायचा आकडा छत्रीच्या काडीचा. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला लाल रंग माझ्या पाटीला लागला. तानबांनी मला तळहातावर धरलं आणि किती वेळ नुसतं पाहिलं. मग म्हणाले, “शेवटचा डबा झाला. आता गाडी करतो. पुरी गाडी.”

तसल्याच रिळांच्या चाकांवर इंजिन झालं, मग चार डबे. दिवाळीपर्यंत एवढी गाडी उभी राहिली. कौशल्याबाई हात पुसत आल्या.

“झाली न गाडी? लावा आता हा मागचा.”

“चार डब्याची कुठं मालगाडी असते व?”

“माह्या बाजेवर मावते तेवढी पुरे. मी पाय आखडून घेईन. पाह्यत बशीन.”

तानबा हसले. “थांब थोडी. अजून एक डबा होऊ दे.”

मित्रांनो, हे वाक्य मी पुढं सात वर्षं ऐकलं.

लहान रिळं संपली, तेव्हा तानबांनी बूटपालिशच्या डब्यांची झाकणं चाकांना वापरली. ती मोठी होती, चकचकीत होती. त्या चाकांवर उंच, देखणे डबे झाले. कोळशाचा डबा, गुरांचा डबा, कापसाच्या गाठींचा डबा, तेलाची टाकी. कापसाच्या बंड्या घेऊन अल्लीपूर-समुद्रपूरकडचे लोक बाजाराला येत, तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून आमच्या घरात डोकावत. तोंडात बोटं घालत. तानबांच्या चेहऱ्यावर तेवढ्यापुरती झाक यायची.

चिंधू शिंपी रोज थट्टा करायचा. “तानबा, तुह्या गाडीचं इंजिन सिंदीत अन् शेपूट सेलूत जाते बाप्पा!”

“शेपूट तं लावलीच नाई अजून,” कौशल्याबाई आतून म्हणत.

छप्पन साली दसऱ्याला ते तिघं पांढरे कपडे घालून नागपूरला गेले आणि बौद्ध होऊन आले. भिंतीतल्या कोनाड्यातले, म्हणजे देवळीतले देव निघाले. आठ दिवस ती देवळी रिकामी होती. नवव्या दिवशी तानबांनी मला तिथं नेऊन ठेवलं. कौशल्याबाई चुलीपुढून उठून आल्या.

“देव उठवले ते डबा बसवाले का?”

“देव नाई व तो. खाली कोणाच्या पायात येईन म्हून ठेवला.”

“देवाचं भेव गेलं. आता याचं भेव पुजा तुमी.”

तानबा परत आपल्या डब्यांशी जाऊन बसले. मला त्यांनी खाली काढलं नाही. देवळी उंच होती. तिथून मला पुढची खोली दिसायची आणि आतल्या खोलीचा कोपराही दिसायचा. उंचावर बसण्यात मला तेव्हा थोडी ऐट वाटली, हे कबूल करतो.

लक्ष्मणरावांच्या गाडीला अडतीस डबे होते. तानबांचेही अडतीस झाले, त्या दिवशी कौशल्याबाईंनी गुळाचा शिरा केला. सुलोचनाला वेणी घालून दिली. दोघी मायलेकी भिंतीशी बसल्या. चिंधूही आला. तानबांनी इंजिनापासून डबे मोजले. अडतीस. पुन्हा मोजले. अडतीस. त्यांचा हात माझ्याकडे आला, माझ्या छपराला लागला आणि तिथंच थांबला.

“तेलाची टाकी त्या गाडीत नव्हती,” ते म्हणाले. “ते मोजाची नाई. सदतीसच झाले.”

“उद्या एक करान, तं परवा दुसरा कमी पडंन,” कौशल्याबाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. “तुमाले गाडी कराची नाई, सुलीचे बाबा. तुमाले ‘पुरी आली’ म्हणाचं भेव हाये.”

शिरा ज्यानं त्यानं आपापला वाढून घेतला.

त्यानंतर कुणी काही म्हणेनासं झालं. डबे मात्र वाढले. चाळीस झाले, पन्नास झाले. गाडी भिंतीच्या कडेनं फिरली, धान्याच्या कणगीला वळसा घालून दारापर्यंत आली. लांब भिंत मोकळी हवी होती. तिथं कौशल्याबाईंची बाज होती. ती आतल्या खोलीत, उजेड नसलेल्या कोपऱ्यात गेली. त्यांनी स्वतःच एका बाजूनं उचलून धरली. एवढंच म्हणाल्या, “इथं वारं येत नाई.” तानबांनी ते ऐकलं असेल. त्यांच्या दातांत तेव्हा तार होती.

अठ्ठावन्नच्या हिवाळ्यात कौशल्याबाईंना ताप आला. दवाखान्यातून औषध आणलं, ताप उतरला, पुन्हा चढला. सुलोचना तोवर मोठी झाली होती, दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जायची. नवव्या दिवशी सकाळी ती वेचलेला कापूस घालायची ओटी कमरेला बांधून निघाली आणि दारातून परत फिरली.

“बाबा, मायकडे पाह्यजा. दारातून नाई, आत जाऊन पाह्यजा. पाणी पाजजा.”

“पाह्यतो व. जाय तू.”

तानबा एकसष्टाव्या डब्याचं छप्पर ठोकत होते. थोड्या वेळानं उठून ते आत गेले, पाणी पाजून आले. हे मी पाहिलं आणि तेही सांगितलं पाहिजे, कारण ते वाईट माणूस नव्हते. मग पुन्हा डब्याशी बसले.

दुपारी कौशल्याबाई भिंतीकडे तोंड करून निजल्या. गोधडी खांद्यापर्यंत होती. ती हळूहळू वर व्हायची, खाली जायची. मी देवळीतून पाहत होतो. मला दुसरं काही काम नव्हतं, म्हणून पाहत होतो. एकदा ती गोधडी वर झाली, खाली गेली आणि मग वर झालीच नाही.

मित्रांनो, माझ्या पाठीवर लाल पाटी आहे. काही मागं राहिलं तर ते कळावं, यासाठीच ती असते. पण मला तोंड नाही. छपरावर एक माशी येऊन बसली. मला तीही उडवता येत नव्हती.

चिंधू झाकणं घेऊन आला. “वयनी कशा हायेत?”

तानबांनी बसल्या जागेवरून मान वाकडी करून दारातून आत पाहिलं. बाज होती, गोधडी होती, भिंतीकडे केलेली पाठ होती. नऊ दिवस जे दिसत होतं तेच दिसलं.

“निजली,” ते म्हणाले.

चिंधूनं झाकणं ठेवली. दोघांनी त्यातली चार सारखी निवडली. कोणतं आधी बसवावं यावर त्यांचं बोलणं झालं. चिंधू गेला. तानबांनी आणखी एकदा आत मान वळवली. मग चाकं बसवली. डबा चांगला झाला होता.

उन्हं उतरताना सुलोचना आली. तिच्या केसांत कापसाचे तंतू होते.

“मायले पाह्यलं का?”

“पाह्यलं ना. दोन डाव पाह्यलं. निजून हाये.”

ती आत गेली. मग जे झालं ते मी वर्णन करत नाही. तानबा उठले, दाराशी गेले आणि चौकटीला धरून उभे राहिले.

“निजली होती,” ते म्हणाले. “सुले, म्या पाह्यली होती. म्या आपल्या डोळ्यानं पाह्यली.”

बोलल्यावर त्यांना ते वाक्य ओळखू आलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला. तो हात कुणीतरी खाली काढेपर्यंत तसाच होता.

पाचव्या दिवशी शेजारपाजारचे लोक पांगल्यावर तानबांनी मला देवळीतून खाली घेतलं. माझ्यावर धूळ होती, ती धोतरानं पुसली. सुलोचना उंबऱ्यावर बसून पाहत होती. तानबा गुडघ्यांवर बसले आणि मला एकसष्टाव्या डब्याला लावू लागले.

मी लागेना. पालिशच्या झाकणांवरचे डबे उंच होते आणि माझी चाकं रिळांची. त्यांचा आकडा माझ्या आकड्याच्या दोन बोटं वर होता. सात वर्षांत त्यांनी एकदाही मला जोडून पाहिलं नव्हतं. त्यांनी मला साठाव्याला लावून पाहिलं, एकोणसाठाव्याला लावून पाहिलं. मला हातात घेऊन ते तसेच गुडघ्यांवर मागं मागं सरकत राहिले. कणगीला वळसा झाला. लांब भिंत झाली. पन्नास, चाळीस, तीस. कुठंच मी लागेना. पाचवा डबा चौथ्याला नुसत्या तारेनं बांधलेला होता, ती तार त्यांनी सोडली.

चौथ्या डब्याला मी टक्कन लागलो.

ते तिथंच बसून राहिले. सुलोचना म्हणाली, “काऊन थांबले, बाबा?”

“इथंच लागला.”

ती उठून जवळ आली. इंजिन, चार डबे आणि मी एवढंच तिनं पाहिलं. बाकीचे सत्तावन्न डबे भिंतीच्या कडेनं उभे होते.

“हे तं त्याच दिवाळीले झालती,” ती म्हणाली. तिचा आवाज वर गेला नाही. “मायनं पाह्यली असती.”

तानबांनी आमची गाडी उचलून आत नेली आणि त्या रिकाम्या बाजेवर ठेवली. इंजिन उशीच्या जागी आलं. मी जिथं संपलो, तिथून पुढं हातभर जागा उरली होती. पाय आखडून घेतलेलं एक माणूस तिथं बसू शकलं असतं.

ते “पुरी आली” म्हणतील असं मला वाटलं. त्यांनी नुसतं बोट माझ्या लाल पाटीवर ठेवलं आणि बराच वेळ ठेवलं.

सत्तावन्न डबे पुढं वस्तीतल्या पोरांनी नेले. काही मोडले, काही विहिरीत पडले. माझाही रंग आता उडाला आहे. मला रंगवा, असं मी म्हणणार नाही.

मित्रांनो, तुम्हीही काही जमवत असाल. गाड्या असतील, काड्यापेट्यांची चित्रं असतील, पुस्तकंही असतील. जमवा. त्यात वाईट काही नाही, निदान मला तसं म्हणवत नाही. पण शेवटचा डबा आधीच एकदा जोडून पाहा. आणि तुमच्या गाडीनं घरातलं कोण कोणत्या कोपऱ्यात सरकलं, तेही पाहा. दारातून नका पाहू. आत जा, अंगाला हात लावा.

तानबा आता काही बनवत नाहीत. सुलोचना शेतातून यायच्या वेळी ते उंबऱ्यावर येऊन उभे राहतात. ती समोर आली, बोलली, हसली, तरी त्यांना ते पुरत नाही. ते तिचं मनगट धरतात.

“हाये न व तू?”

सुलोचना थकलेली असते. तरी मनगट सोडवून घेत नाही.

“हाये, बाबा,” ती म्हणते. “हाये.”